पंडिता रमाबाई आणि त्यांची पहिली शाळा

थोर माणसांचीं चरित्रें वाचतांना त्यांनीं पुढें केलेल्या मोठ्या कामांकडेच आपलें लक्ष जातें. तीं माणसें लहानपणीं काय ऐकत होतीं, त्यांना प्रथम कोणीं शिकविलें व कोठें बसून शिकविलें, याची विचारपूस आपण फारशी करीत नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र आमच्या वाचकांस सर्वस्वीं नवें नाहीं. केडगांवचें मुक्तिसदन ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे अशीं मुलेंही आपल्या शाळेंत असतील. तथापि या अंकासाठीं तें चरित्र आम्हीं पुन्हां हातीं घेतलें आहे तें एका निराळ्या कारणानें, आणि तें कारण प्रथम सांगणें अवश्य आहे.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या. पुण्यांतील अगदीं लहान वर्गांचीं मुलें पुन्हां आपापल्या बाकांवर येऊन बसण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळांत कात्रजच्या आमच्या वस्तींत काय चाललें होतें तें आम्हीं पाहिलें आहे. एका खोलीचें घर, घरांत एकच मोबाईल, आणि तोही सकाळीं बापाबरोबर कामावर जाई. संध्याकाळीं तो परत आला म्हणजे शाळेनें पाठविलेला पाठ तीन भावंडांनीं पाळीपाळीनें पाहावयाचा. मुलांना अक्षरें शिकविणें हें आमचें काम आहे, घरीं कांहीं चुकीचें शिकवूं नका, असें आम्ही पुष्कळ वर्षें पालकांस सांगत आलों होतों. शाळेला कुलूप लागल्यावर त्याच पालकांनीं, विशेषतः आयांनीं, आतां आम्हीं काय करावें असें आम्हांस विचारिलें. त्यांतील एक माउली स्वतः चार इयत्तांपलीकडे शिकलेली नव्हती. आपल्यासारखीच्या हातून मुलाचें वाचन सुधारेल काय, एवढेंच तिला जाणावयाचें होतें. तिला आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें शाळा उघडली तेव्हां तिसरींत बसलेलीं कित्येक मुलें तीन अक्षरांचा साधा शब्द वाचतांना अडखळत होतीं, आणि तें न दिलेलें उत्तर आमच्या मनाला टोंचूं लागलें. तें उत्तर शोधीत असतां आम्हांस रमाबाईंच्या बालपणाची आठवण झाली.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळ प्रांतांतील चित्पावन ब्राह्मण. विद्येच्या ओढीनें ते तरुण वयांत पुण्यास आले व रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं अध्ययन करूं लागले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यांत जाऊन पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. गुरूंच्या मागोमाग वाड्यांत जाण्याचा प्रसंग या शिष्यास आला, आणि एक स्त्री स्पष्ट व शुद्ध संस्कृत म्हणत आहे हें त्यानें आपल्या कानांनीं ऐकिलें. त्या काळीं पुण्याच्या हौदांत व वाड्यांत जें पाणी खेळे तें कात्रजच्या तलावाचें. नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास तलाव बांधवून नळानें तें शहरांत नेलें होतें. आमच्या गांवचें पाणी ज्या शहरांत जात होतें त्याच शहरांतील एका वाड्यांत या चरित्राचा झरा प्रथम फुटला, असें आम्ही अभिमानानें म्हणूं शकतों. आपणही आपल्या पत्नीस विद्या शिकवावयाची, असा निश्चय त्या तरुणानें तेथेंच केला.

निश्चय करणें सोपें होतें, तडीस नेणें कठीण होतें. पहिल्या पत्नीस शिकण्याची हौस नव्हती व घरच्या वडीलधाऱ्यांस ती गोष्ट पसंत नव्हती. ती पत्नी निवर्तल्यावर अनंतशास्त्री यात्रेस गेले असतां गोदावरीच्या तीरीं एका प्रवासी ब्राह्मणानें आपली नऊ वर्षांची कन्या त्यांस दिली. त्या वेळीं शास्त्रीबोवांचें वय चाळिशीच्या पुढें होतें. असा विवाह आज कोणासही रुचणार नाहीं, आणि रुचूंही नये. परंतु लक्ष्मीबाई या नांवानें घरांत आलेल्या त्या मुलीस शास्त्रीबोवांनीं संस्कृत शिकविण्यास आरंभ केला व या वेळीं ते मागें हटले नाहींत. आप्तांनीं निषेध केला. उडुपी येथें पंडितांच्या सभेपुढें त्यांस आपल्या कृत्याचा जाब द्यावा लागला व त्यांनीं तो शास्त्राधारांनीं दिला. तरी घरांतील कटकट मिटेना, तेव्हां ते पत्नीस घेऊन पश्चिम घाटांतील गंगामूळच्या अरण्यांत जाऊन राहिले. तुंगा व भद्रा या नद्यांचा उगम त्याच डोंगरांत आहे. तेथें त्यांनीं पर्णकुटी बांधली, आणि लक्ष्मीबाई रानांतील एकांतांत विदुषी झाल्या.

त्याच ठिकाणीं २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. कृष्णाबाई ही वडील बहीण, श्रीनिवास हा भाऊ, व रमा ही सर्वांत धाकटी. रमा सहा महिन्यांची असतांना घरची स्थिति खालावून कुटुंबास अरण्य सोडावें लागलें. तान्ह्या मुलीस वेताच्या करंड्यांत घालून तो करंडा एका माणसाच्या डोक्यावर दिला, आणि यात्रा सुरू झाली. ती पुढें सोळा वर्षें संपली नाहीं. एका क्षेत्रांत कांहीं दिवस, मग दुसऱ्या क्षेत्रांत कांहीं दिवस, असा क्रम असे. देवळाच्या ओवरींत बसून शास्त्रीबोवा पुराण वाचीत, श्रोते फळ, धान्य, पैसा ठेवून जात, व त्यावर कुटुंबाचा निर्वाह होई. अशा मुलीस शाळा कोठून मिळणार? मुलींच्या शाळा अशी कांहीं वस्तु असते हेंही त्या कुटुंबास ठाऊक नव्हतें.

रमा आठ वर्षांची झाली तेव्हां वडील बरेच वृद्ध झाले होते. थोरल्या मुलांस त्यांनीं स्वतः शिकविलें होतें, परंतु धाकटीस शिकविण्याचें त्राण त्यांच्यांत उरलें नव्हतें. तें काम लक्ष्मीबाईंनीं आपल्याकडे घेतलें. दिवसभर त्यांस सवड मिळत नसे. स्वयंपाक, पाणी, पाहुणा, आजारी माणूस, पुढच्या मुक्कामाची तयारी, सर्व त्यांच्याच अंगावर. म्हणून त्यांनीं दिवस उजाडण्यापूर्वींची वेळ निवडली. झोंपेंत असलेल्या मुलीस त्या हलकेच उचलून मांडीवर घेत, गोड नांवांनीं हांक मारून जागें करीत, आणि झाडांवर पांखरें किलबिलूं लागत तोंच धडा सुरू होई. आई एक चरण म्हणे, मुलगी तो मागून म्हणे. चूक झाली तर आई तोच चरण पुन्हां म्हणे. मार नव्हता, धाक नव्हता, पाटी-पेन्सिलही नव्हती. हा क्रम रमेच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत चालला. भागवतांत अठरा हजार श्लोक मानितात. त्यांचा फार मोठा भाग, तसेंच कोश व व्याकरण, त्या मुलीच्या मुखीं बसलें.

येथें आमच्या वाचकांनीं एक शंका घ्यावी, व ती योग्यच आहे. पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. अर्थ न समजतां घोकलेला श्लोक व डोळ्यांनीं ओळखून वाचलेला शब्द यांत मोठा भेद आहे, आणि नुसत्या घोकंपट्टीनें आमच्या शाळांचें नुकसानच झालें आहे. तरी या मातेच्या शिक्षणांत घोकंपट्टीहून कांहीं अधिक होतें. पहिली गोष्ट ही कीं, मुलीच्या कानावर रोज ग्रंथांची भाषा पडत होती. घरांत वडील वाचीत, भाऊ वाची, श्रोते ऐकत, आणि ही मुलगी त्यांच्यांत बसलेली असे. पुस्तकांतील वाक्य कोठें सुरू होतें, कोठें वळतें, कोठें थांबतें, हें तिला सहज कळूं लागलें. दुसरी गोष्ट, मायबापांनीं घरांत मराठी बोलण्याचा नेम कधीं मोडला नाहीं. ते जें बोलत तें स्पष्ट व शुद्ध बोलत, आणि मराठी वर्तमानपत्रें व पुस्तकें हातीं येतील तशीं वाचण्याची संवय मुलीस लागली. मराठी व्याकरणाचा धडा न घेतांच त्यांस आपली भाषा उत्तम येऊं लागली. त्याच रीतीनें फिरतां फिरतां त्या कानडी, हिंदुस्थानी व बंगालीही शिकल्या. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आईनें मुलीचें मन असें तयार केलें कीं पुढें दुसऱ्याच्या फारशा मदतीवांचून तिला आपलें शिक्षण आपणच चालवितां यावें. शिक्षकाची गरज हळूहळू कमी होत जावी, हीच चांगल्या शिक्षणाची खूण होय.

ही शाळा अकस्मात् बंद पडली. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळाचा घाला आला. भीक मागण्याची संवय नाहीं, मजुरी करण्याची माहिती नाहीं, अशा त्या कुटुंबानें शेवटीं रानांतील पाल्यावरही दिवस काढले. प्रथम वडील गेले. कांहीं आठवड्यांतच लक्ष्मीबाईंनीं देह ठेविला. प्रेतास खांदा देण्यास पुरेशीं माणसें मिळेनात, तेव्हां सोळा वर्षांची रमा स्वतः चौथा खांदेकरी झाली. जिनें मांडीवर घेऊन शिकविलें तिला आपल्या खांद्यावरून तिनें अखेरच्या ठिकाणीं नेलें. पुढें थोड्याच काळानें बहीणही गेली. उरलीं तीं दोघें भावंडें हजारों मैल पायीं चाललीं. तीं अन्नाविना राहिलीं, थंडींत वाळूंत खड्डे करून निजलीं, परंतु पुराण सांगणें व स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं बोलणें त्यांनीं सोडिलें नाहीं.

१८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांच्या या मुलीचें संस्कृत ऐकून तेथील विद्वान् थक्क झाले व त्यांनीं तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. जिनें आयुष्यांत एक दिवसही शाळेचा उंबरा ओलांडिला नव्हता तिला हा मान मिळाला. त्याचा अर्धा वांटा गंगामूळच्या त्या माउलीचा होय. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीच्या रोगानें पतीचें निधन झालें. चोवीस वर्षांच्या आंतच त्यांनीं मातापिता, भावंडें व पति हीं सर्व गमावलीं.

मग त्या पुण्यास आल्या. १८८२ सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, व हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें साक्ष देऊन मुलींसाठीं स्त्रीशिक्षक व रुग्णांसाठीं स्त्रीवैद्य हवेत असें निर्भयपणें मांडिलें. याच काळांत त्या इंग्रजी शिकूं लागल्या, आणि न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांचा व त्यांचा स्नेह जडला. त्या दुसऱ्या रमाबाईही घरींच शिकलेल्या. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं विवाह झाला तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती, व घरांतील बायकांचीं बोलणीं सोशीत त्या पतीपाशीं वाचावयास शिकल्या. एकीस आईनें शिकविलें, दुसरीस पतीनें. पुण्यांतील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत हीं दोन घरें शाळांइतकींच गणलीं पाहिजेत.

१८८३ सालीं रमाबाई इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, व पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत अध्ययन व अध्यापन केलें. १८८६ च्या मार्चांत आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानासाठीं त्या अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. समारंभ आटोपून परतावयाचें असें ठरलें होतें, परंतु तेथील बालशिक्षण पाहून त्या राहिल्या. फ्रोबेल या जर्मन शिक्षणशास्त्रज्ञाची बालोद्यानपद्धति तेथें चालू होती. खेळ, गाणें, हातकाम व गोष्टी यांच्या द्वारें लहान मुलांस शिकवावयाचें, हें तिचें सूत्र. रमाबाईंनीं त्या पद्धतीचा रीतसर अभ्यास केला व आपल्या देशांतील मुलांकरितां मराठी वाचनपुस्तकांची चित्रांसह माला तयार करण्याचें काम हातीं घेतलें. आठव्या वर्षीं आईच्या मांडीवर जें सहज घडलें, त्यालाच दूरदेशीं शास्त्राचा आधार असल्याचें त्यांस दिसलें असावें, असें आम्हांस वाटतें.

यानंतरचें कार्य सर्वश्रुत आहे, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडलें, व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई याच पुढें महर्षि कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. धर्मांतराच्या संशयावरून १८९३ सालीं मोठें वादळ झालें व पुष्कळांनीं आपल्या मुली काढून नेल्या, पण संस्था टिकली. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व उपाशी, निराधार मुलींस घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून उभें राहिलें, आणि १९०० च्या सुमारास तेथें जवळजवळ दोन हजार स्त्रिया व मुलें होतीं. ज्यांनीं अक्षर पाहिलें नव्हतें अशा प्रौढ स्त्रिया तेथें वाचावयास शिकल्या. मनोरमाबाईंनीं ब्रेललिपि शिकून अंध मुलींसही वाचावयास लाविलें. छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम मुलीच करीत.

त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामाविषयीं मात्र थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण तें आमच्या विषयाशीं निगडित आहे. प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर असल्यानें केडगांवच्या नवशिक्या स्त्रियांस तें वाचतां येई पण कळत नसे. म्हणून रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला व संपूर्ण ग्रंथ मूळ भाषांवरून सोप्या मराठींत उतरविण्याचें व्रत घेतलें. तें वर्षानुवर्षें चाललें. १९२१ च्या जुलईंत मनोरमाबाई वारल्या, तरी लेखणी थांबली नाहीं. शेवटचीं प्रुफें हातावेगळीं करून ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं इहलोक सोडिला. हजारों संस्कृत श्लोक ज्यांच्या जिभेवर होते, त्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें सोपे शब्द शोधण्यांत घालविलीं. विद्वत्ता दाखविण्यासाठीं नव्हे, तर दुसऱ्यास वाचतां यावें व वाचलेलें समजावें यासाठीं असते, हें त्या जाणून होत्या.

आतां कात्रजच्या त्या माउलीकडे वळूं. तिला जें उत्तर आम्हीं तेव्हां द्यावयास हवें होतें, तें आज या पानांवर देतों. बाई, आपल्या हातून होईल. लक्ष्मीबाईंएवढी विद्या आपणांपाशीं नाहीं, आणि तिची गरजही नाहीं. त्यांच्यापासून जें घ्यावयाचें तें एवढेंच, कीं रोजची एक ठरलेली वेळ असावी, मूल जवळ घ्यावें, व रागावूं नये. अर्धा तास नसेल तर पाव तास चालेल, पण तो नेमानें चालावा. चूक झाली तर पुन्हां एकदां शांतपणें म्हणून दाखवावें. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं पुस्तक मोठ्यानें वाचून दाखवावें व ओळीखालून बोट फिरवावें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं जात्यावरच्या ओव्या म्हणाव्या, आजीच्या गोष्टी सांगाव्या, उखाणे घालावे, एका अक्षरानें सुरू होणारे शब्द खेळांत गोळा करावे. शब्दांतील आवाज कानाला वेगवेगळे ऐकूं येऊं लागले म्हणजे त्यांचीं अक्षरें ओळखणें सोपें जातें, हें आजचें शिक्षणशास्त्रही सांगतें. मूल वाचूं लागलें कीं त्यानें आईस वाचून दाखवावें, व आईनें ऐकावें. ऐकणारें माणूस हें लहान वाचकाचें मोठें भांडवल आहे.

पुस्तकें नाहींत ही सबब आम्ही मान्य करणार नाहीं. दुधाच्या पिशवीवर अक्षरें आहेत, किराण्याच्या पुड्यावर आहेत, दुकानांच्या पाट्यांवर आहेत. स्वारगेटहून कात्रजला येणाऱ्या प्रत्येक बसच्या कपाळीं आमच्या गांवाचें नांव लिहिलेलें असतें, व त्यांतील जोडाक्षर हा एक चांगला धडा आहे. ज्या कुटुंबास घर नव्हतें, दाराला पाटी नव्हती, उद्यांच्या जेवणाची शाश्वति नव्हती, त्या कुटुंबांत रमाबाई शिकल्या.

आम्हां शिक्षकांसही या चरित्रापासून धडा घेतला पाहिजे. शाळा अवश्य आहे, आणि दोन वर्षांत मुलांचें जें नुकसान झालें तें घरानें एकट्यानें भरून काढावें असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु आई-वडिलांस बाजूला सारून शिकविण्याची आमची पद्धत चुकीची होती, हें आम्ही कबूल करितों. २०२२ पासून आमच्या पहिली-दुसरीच्या वर्गांत शनिवारीं आया येऊन बसतात. एखादी गोष्ट सांगते, एखादी नुसती ऐकते. ती चार इयत्ता शिकलेली माउलीही येते, आणि तिचा मुलगा आतां धाकट्या बहिणीस वाचून दाखवितो.

प्रिय विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं लहान भावंडें आहेत त्यांनीं हा लेख वाचून झाल्यावर मासिक मिटून ठेवूं नये. त्यांतील एखादें पान आज रात्रीं त्या भावंडास जवळ घेऊन वाचून दाखवावें. रमाबाईंचें स्मारक केडगांवास आहेच. त्यांच्या आईचें स्मारक कोठेंही नाहीं. तें प्रत्येक घरांत रोज पाव तास उभारतां येण्यासारखें आहे.